वाटणीच्या यादीत न आलेली परात

कोल्हापुरातल्या एका बत्तासेवाल्या घराचं प्रकरण. घरच्यांना विचारून लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून दुकानाचं नाव दिलेलं नाही आणि काही तपशील बदलले आहेत. माणसांना घरच्या हाकेच्या नावांनीच ओळखू या: वडील आण्णा, थोरली मुलगी आक्का, मधले बापू, धाकटे तात्या. मी कोल्हापुरात छोट्या दुकानदारांची हिशेबाची आणि कराची कामं करतो. आण्णांच्या चोपड्या माझ्याकडे पंधरा-सोळा वर्षं होत्या.

पार्श्वभूमी

महाद्वार रोडपासून हाकेच्या अंतरावर, एका गल्लीत हे दुकान आहे. तोंड जेमतेम दहा फुटांचं, पण आत लांबलचक. पुढं गल्ला आणि काचेच्या बरण्या, मागं भट्टी, भट्टीच्या मागं एक खोली. गाळा भाड्याचा, पणजोबांच्या काळापासूनचा. पेढा-बर्फी इथं कधीच मिळाली नाही. बत्तासे, साखरफुटाणे, रेवडी, पाडव्याच्या गाठी आणि संक्रांतीचा काटेरी हलवा, एवढाच माल. म्हणजे सगळा खेळ पाकाचा.

वर्षाचं गणितही ठरलेलं. दिवाळी संपली की हलवा, संक्रांत झाली की गाठी, पाडव्यानंतर जोतिबाची चैत्र यात्रा, मग पावसाळ्यात मंदी आणि नवरात्रात अंबाबाईला येणाऱ्या भक्तांमुळे पुन्हा उठाव. वर्षाची विक्री साडेदहा लाखांच्या आसपास. यातली निम्म्याच्या वर कमाई संक्रांत ते चैत्री पौर्णिमा या तीनेक महिन्यांत व्हायची.

गल्ल्यावर आण्णा आणि बापू. तात्या बाहेरचं बघायचे: साखर आणणं, किरकोळ दुकानदारांना माल पोचवणं, वसुली. आक्का लग्नानंतर चार वर्षांत माहेरी परत आल्या, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. त्यांना मूलबाळ नाही. त्या मागच्या खोलीत असत. मी हिशेबाला गेलो की चहा तिकडूनच यायचा, आणि इतकी वर्षं आक्कांची आणि माझी ओळख तेवढीच होती. हे इथं मुद्दाम लिहितो, कारण पुढची माझी चूक त्यातूनच झाली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट. दुकान उंचावर असल्यानं वाचलं, पण शुक्रवार पेठेतल्या कोठीत पाणी शिरलं. साखरेची चाळीस पोती होती. पाणी ओसरल्यावर पोती जागच्या जागी होती, फक्त सपाट झालेली. त्यासाठी काढलेलं कर्ज फिटायच्या आत २०२० चा पाडवा आला.

त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता. देशभर टाळेबंदी सुरू झाली तोच दिवस. मार्चच्या मध्यावर अंबाबाईचं दर्शन बंद झालं तेव्हाच आण्णांच्या पोटात गोळा आला होता, पण माल तर करून ठेवलेला. नऊ क्विंटल गाठी घरात पडून राहिल्या.

गाठी पुन्हा वितळवता येते, पण आधी तिच्यातला दोरा काढावा लागतो. एप्रिलभर हे अख्खं घर संध्याकाळी मागच्या खोलीत बसून गाठी फोडून दोरे ओढत होतं. एका घमेल्यात साखर, एका घमेल्यात चिकट दोरे. बापूंच्या मुलीनं दोऱ्यांचा गुंडा करून ठेवला होता, नारळाएवढा. तो अजून दुकानात आहे.

दोरे निघाले तरी पाक जमेना. एकदा आटवलेली, लिंबू पडलेली साखर पुन्हा उकळली की तिच्यातल्या काही भागाचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. असा पाक दाणा धरत नाही, चिकट राहतो आणि पिवळा पडतो. पहिली कढई वाया गेली. दुसऱ्या वेळी आक्कांनी एक भाग जुनी साखर आणि दोन भाग नवी असं प्रमाण धरलं आणि त्या पाकातून गाठी न करता रंगीत साखरफुटाणे केले. रंगात पिवळेपणा लपला, फुटाण्यावर थर पातळ असल्यानं दाणाही धरला. पावसाळ्यापर्यंत निम्म्याहून जास्त माल असा निघाला. मी त्या वर्षीच्या चोपडीत लिहिलं, 'गाठी नुकसान कमी - पुनर्प्रक्रिया'. कुणी केली ते लिहिलं नाही.

अडचण

२०२१ च्या पावसाळ्यात आण्णा गेले. आई आधीच गेलेल्या. मृत्युपत्र नव्हतं. मंदिरं दुसऱ्यांदा बंद होती, ती त्या वर्षी ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. नवरात्र पार पडल्यावर भावांनी मला बोलावलं. दोघांचं पटत नव्हतं ही गोष्ट नवी नव्हती. तात्यांना दुकान बदलायचं होतं. माल बाहेरून घाऊक आणायचा, भट्टी काढून तिथं बेकरीचा काउंटर करायचा. बापूंना काहीच बदलायचं नव्हतं. त्यातून वाटणी निघाली.

यादी मी केली. गाळ्याचा भाडेहक्क, डिपॉझिट, दोन भट्ट्या, चार कढया, सागवानी साचे ६४, शिल्लक माल, उधारी, पाटीवरचं नाव. दोन रकाने: बापू आणि तात्या. आणि यादीला जोडून आक्कांचं हक्कसोडपत्र. हे आपल्याकडं इतकं अंगवळणी पडलं आहे की तिघांपैकी कुणालाच, मलाही, त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. बहिणीची सही घ्यायची, साडी-चोळी द्यायची, झालं.

मसुदा घेऊन मी मागच्या खोलीत गेलो. नोव्हेंबर संपत आला होता, हलव्याचं काम चालू होतं. कोळशाच्या मंद शेगडीवर पितळी परात, परातीत तीळ, शेजारच्या पातेल्यात एकतारी पाक. आक्का चमच्यानं पाक सोडायच्या आणि तळहातानं तीळ फिरवायच्या. चमचाभर पाक, मग हात फिरवणं, वाळेपर्यंत. पुन्हा चमचाभर. पंखा बंद, खिडकी किंचित उघडी. थंडी लागली तरच काटा येतो, हवा ओली असेल तर बसतो. तीन किलोची एक परात पुरी व्हायला चार दिवस लागतात.

त्यांनी कागद वाचून घेतला. हात थांबला नाही. म्हणाल्या, "सही करतो की मी. पण मग उद्यापासनं परात तुमची तुम्ही धरायची."

मला ते रागाचं बोलणं वाटलं. मी भावांना तसंच सांगितलं. त्या मात्र शब्दशः बोलल्या होत्या. सही केली नाही आणि दुसऱ्या दिवशी शेगडीही पेटवली नाही.

समोरचे पर्याय

या टप्प्यावर चार वाटा होत्या आणि सगळ्यांत पैसा कमी-जास्त अडकत होता.

पहिली, गाळा मधोमध भिंत घालून वाटायचा. पाच-पाच फुटांची दोन दुकानं झाली असती आणि भट्टी एकाच्याच वाट्याला गेली असती. ही वाट कागदावरच संपली.

दुसरी, गाळा घरमालकाला परत द्यायचा आणि तो देऊ करत असलेली रक्कम तिघांत, किंवा भावांच्या मते दोघांत, वाटायची. तात्यांचा कल इकडं होता आणि हिशेबानं पाहिलं तर त्यात चूक नव्हती. पुराचं कर्ज एका झटक्यात फिटलं असतं.

तिसरी, तात्यांची. दुकान ठेवायचं, पण करणं थांबवायचं आणि विकणं तेवढं चालू ठेवायचं. त्यांचा मुद्दा मी जसाच्या तसा देतो, कारण तो मलाही पटला होता: वर्षाला हलवा होतो १२० किलो, ३०० रुपयांनी ३६ हजारांचा. साडेदहा लाखांत त्याचा वाटा साडेतीन टक्केही नाही. एवढ्यासाठी कशाला अडून बसायचं? बाहेरून आणू.

चौथी, तिघांची भागीदारी. ही तेव्हा कुणी मांडली नाही. मी मांडायला हवी होती. कायदा माझ्या टेबलावर होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही ती जन्मानं हिस्सेदार झाली, आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं होतं. शिवाय भाडे नियंत्रण कायद्यात धंद्याच्या जागेचा हक्क बघताना, भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर त्या जागेत धंद्यात कोण होतं, हा प्रश्न पहिला येतो. मागच्या खोलीत पंचवीस वर्षं कोण होतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

भावांनी तिसरी वाट धरली. वाटणी लांबणीवर टाकली आणि बाहेरून माल आणायचं ठरवलं.

काय झालं आणि काय केलं

संक्रांतीला आणलेला हलवा पांढराशुभ्र होता, पण काटा बोथट आणि दाणे एकाच मापाचे. घरात बोरन्हाणाला उधळायला तो चालतो. हलव्याचे दागिने करणाऱ्या बायकांना मात्र चालत नाही. त्यांना खसखशीवरचा बारीक दाणा वेगळा लागतो, तिळाचा मधला वेगळा, साबुदाण्यावरचा टपोरा वेगळा. नथीला एक, तोड्याला दुसरा. शिवाजी पेठेतल्या एक बाई दरवर्षी वीस किलो न्यायच्या. त्यांनी मूठभर हातात घेतला, बोटानं चोळून पाहिला आणि परत बरणीत टाकला. "आक्का आजारी हाईत काय?" एवढंच विचारलं.

खरा फटका गाठीला बसला. भावांचा समज असा की आक्का म्हणजे हलवा. गाठी तर आचारी करतो. आचारी साच्यात ओतायचा हे खरं, पण कढई उतरवायची कधी हे आक्का सांगायच्या. दुधाचा शिबका मारून मळी काढणं, लिंबू किती पिळायचं, बुडबुडा कसा दिसला की 'उतरव' म्हणायचं, हे सगळं मागच्या खोलीच्या दारातून व्हायचं. त्या वर्षी दारात कुणी नव्हतं. आचाऱ्यानं पाक फुटू नये म्हणून लिंबू जास्त पिळलं आणि वेळही जास्त दिला. गाठी साच्यातून छान निघाल्या. आठ दिवसांनी त्यांना पाणी सुटलं.

आणि २०२२ चा पाडवा, २ एप्रिलचा, हा दोन वर्षांनंतरचा पहिला मोकळा पाडवा होता. राज्यातले कोरोनाचे निर्बंध त्याच दिवसापासून उठले. गावात माणूस मावत नव्हता. आपल्या गाठी मात्र दुकानदार परत आणून टाकत होते. दोऱ्यावरून पदकं निसटत होती, कागद चिकटत होता. जोतिबाच्या यात्रेलाही साखरफुटाण्यावरच भागवावं लागलं.

मे महिन्यात बापू माझ्याकडं एकटेच आले. म्हणाले, "आक्काला विचारायचं राहिलं बघा." मी म्हटलं, "मीपण विचारलं नाही." मग आम्ही दोघं गेलो.

आक्कांच्या अटी तीन. वाटा तिघांचा सारखा. काम करील त्याला दरमहा पगार, तो वाट्याच्या वेगळा. आणि हात शिकायचा असेल तर बापूंच्या मुलीनं शिकायचा, पण कॉलेज न सोडता. पगाराचा आकडा त्यांनी सांगितला नाही. "बाहेरच्या बाईला काय दिलं असतं ते द्या," म्हणाल्या. ताशी ६० रुपये धरले, महिन्याला १२ हजार झाले.

त्या रात्री मी हलव्याचा भाव पहिल्यांदा खरा मांडला. तीन किलोच्या परातीला सगळे मिळून चौदा तास, म्हणजे मजुरी ८४० रुपये, किलोला २८०. साखर, तीळ, कोळसा मिळून ९० च्या घरात. एकूण ३७०, आणि आपण विकत होतो ३०० ला. पंचवीस वर्षं हलवा नफ्यात दिसत होता, कारण आक्कांचे वर्षाला साडेपाचशे तास कुठल्याच रकान्यात नव्हते. ती चोपडी माझ्या हातची होती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तात्या भागीदारीत यायला तयार झाले नाहीत. त्यांच्याशी चार बैठका झाल्या, दोन कडाक्याच्या. शेवटी त्यांच्या तिसऱ्या वाट्याचे ३ लाख ६० हजार ठरले, ३६ हप्त्यांत. साचे मोजून वाटायची भाषा त्यांनीच मागं घेतली. जुन्या साच्यांचं कोरीव काम खोल आहे, त्यांच्याशिवाय गाठीला ते रूप येत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पाटीवरचं नाव दुकानाकडं राहिलं. पुढं वाद नको म्हणून मिठाईच्या ३० व्या वर्गात ट्रेडमार्कचा अर्ज केला. तात्यांनी राजारामपुरीत वेगळ्या नावानं बेकरी टाकली.

बापू आणि आक्कांची भागीदारी जुलै २०२२ मध्ये नोंदवली. अन्न परवान्याची नोंदणी आण्णांच्या नावावर होती. मालक वारल्यावर ती वारसांसाठी ९० दिवसच चालू राहते. ते दिवस आम्ही भांडणात घालवले होते. भागीदारीच्या नावानं नवी नोंदणी केली. बारा लाखांच्या आतल्या धंद्याला तेव्हा तिची फी वर्षाला १०० रुपये होती, म्हणजे अडचण पैशाची नव्हतीच.

एक प्रश्न मध्येच उभा राहिला. किरकोळ दुकानदारांना गाठी दुधासारखी पांढरी हवी असते. त्यासाठी पाकात हायड्रोस पावडर, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, टाकायचा सल्ला एकानं दिला. गुळामुळं हा शब्द कोल्हापूरकरांच्या ओळखीचा आहे. आक्कांनी एका वाक्यात विषय मिटवला: "पोरं खात्यात ती गाठी." आपली गाठी किंचित पिवळसर राहिली. चार दुकानदारांनी घेणं बंद केलं.

निष्पन्न

२०२३ च्या संक्रांतीला हलवा ४८० रुपये किलोनं लावला. १२० ऐवजी ८५ किलो खपला. दागिने करणाऱ्या बायका परत आल्या, घरगुती गिऱ्हाईक बरंच तुटलं. पुढच्या वर्षी शंभरावर गेला. गाठी २०२३ च्या पाडव्यापासून पुन्हा जागेवर आली, परत एकही नाही.

पण पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची गेली. पगार आणि तात्यांचा हप्ता मिळून महिन्याला २२ हजार बाहेर पडत होते. बापूंच्या हातात फारसं उरत नव्हतं, घर वहिनींच्या शिकवण्यांवर चाललं. शेवटचा हप्ता जून २०२५ मध्ये गेला. भाऊ-भाऊ गणपतीत भेटतात, एरवी नाही.

बापूंची मुलगी तीन हिवाळे आत्तीच्या शेजारी बसली. ती थर्मामीटर लावून आकडे वहीत लिहिते, आक्का बुडबुड्याकडं बघतात. बहुतेक दिवशी दोघींचं एकाच क्षणी 'उतरव' येतं. हवा दमट असेल त्या दिवशी वहीचा आकडा चुकतो आणि आक्कांचा डोळा चुकत नाही. मुलीच्या हलव्याला काटा येतो, पण अजून आखूड.

वेगळं काय करता आलं असतं

आण्णा असताना, २०२० च्या त्या एप्रिलमध्ये, दुकानाचं खरं भांडवल काय आहे हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडं पडलं होतं. वाया जाणारा माल एका माणसानं वाचवला. तेव्हाच चोपडीत आक्कांच्या नावानं पगार पडायला हवा होता. तो पडला असता तर वाटणीच्या वेळी 'साडेतीन टक्के' हा युक्तिवाद उभाच राहिला नसता.

यादी करताना मी वस्तू मोजल्या. घरच्या धंद्याची वाटणी असेल तर आता मी आधी एक दिवस नुसता दुकानात बसतो, सकाळी भट्टी पेटल्यापासून, आणि कोण काय करतं ते लिहून काढतो. हक्कसोडपत्र तर कुणी मागितलं तरी बहिणीशी एकांतात बोलल्याशिवाय करत नाही. भावांच्या देखत विचारलं तर ती 'असू दे की' म्हणते, आणि ते उत्तर नसतं.

तात्यांच्या बाबतीत मला अजून चुटपुट आहे. त्यांची बेकरीची कल्पना वाईट नव्हती. ती भट्टीच्या जागी न करता वेगळ्या जागी, सामायिक नावाखाली करता आली असती का, हे चार बैठकांत कुणी नीट तपासलंच नाही. सगळा वेळ रकमेवर गेला.

एक काम राहिलं आहे. आक्कांना मूलबाळ नाही. मृत्युपत्र न करता त्या गेल्या, तर वडिलांकडून आलेला त्यांचा वाटा कायद्यानं पुन्हा वडिलांच्या वारसांकडं, म्हणजे बापू आणि तात्या दोघांकडं जाईल आणि हा सगळा डाव पहिल्यापासून मांडावा लागेल. त्यांना तो भाचीला द्यायचा आहे. मसुदा मी केला आहे, या वेळी मागच्या खोलीत बसून, त्या सांगतील तसा. वाचून दाखवल्यावर त्यांनी मान हलवली आणि परातीवरचा हात न थांबवता म्हणाल्या, "संक्रांत होऊ दे, मग सही करतो."